बी आणि आर यांच्यामधला ई

आमच्या घरात कामं वाटलेली होती. गाडी बाबांकडे, स्वयंपाक आणि सणवार आईकडे, आणि इंग्रजी माझ्याकडे. चौथी पास होऊन मी आयर्लंडमधल्या मलिंगारला आले आणि दोन वर्षांत माझं इंग्रजी तिथल्या मुलींसारखं झालं, इतकं की आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं. शाळेची पत्रं मी वाचायची. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन मी करायची. बाबांना कामावर काही लांबलचक लिहायचं असलं की ते मला हाक मारून लॅपटॉप माझ्याकडे वळवायचे, आणि मी सुस्कारा टाकून त्यांचं वाक्य सरळ करून द्यायची. गावाबाहेरच्या ज्या कारखान्यात दवाखान्यांसाठी नळ्या बनायच्या, तिथे ते मशीनच्या देखभालीला होते. त्यांच्या इंग्रजीत 'प्रिपोन' वगैरे तिकडे कुणी न वापरणारे शब्द असायचे. मी ते खोडायची. पण स्पेलिंग मात्र मला कधी खोडावं लागलं नाही. परभणीच्या मराठी शाळेत त्यांनी इंग्रजी शब्द जसे लिहितात तसे पाठ केले होते. बुधवार म्हणजे 'वेड-नेस-डे', सुरी म्हणजे 'क-नाइफ', फेब्रुवारी म्हणजे 'फेब-रू-आरी'. मी हसायची. म्हणायची, असं कुणी बोलत नाही हो बाबा. ते म्हणायचे, "बोलायला नाही गं. लिहायला."

घर जोडभिंतीचं होतं. पलीकडे मॉरीन राहायची, सत्तरीची, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. आमच्या भिंतीतून तिच्याकडे संध्याकाळी एक थपथप आवाज जायचा आणि तो कसला, हे तिला बरेच दिवस कळलं नव्हतं. तिला वाटायचं, आम्ही कुठलीशी प्रार्थना करतो टाळ्या वाजवत. शेवटी तिनं विचारलंच, तेव्हा आईनं तिला मागच्या दारानं आत बोलावून ज्वारीची भाकरी थापून दाखवली. पीठ डब्लिनच्या बाजूच्या दुकानातून यायचं, महिन्यातून एकदा बाबा ॲडम्सटाउनला मित्राकडे गेले की. टाळेबंदी लागली आणि ते बंद झालं. मग आई आहे ते पीठ पुरवून वापरायला लागली, भाकरी फक्त बाबांच्या सुट्टीच्या दिवशी. त्यांना भाकरीबरोबर तिळाची चटणी लागायची आणि ताकाचा पेला. खाताना ते परभणीला आत्याला फोन लावायचे, आणि एरवीचं त्यांचं पुणेरी वळणाचं मराठी फोनवर एकदम बदलायचं. "काय करायलीस गं? जेवलीस का?" मला ते दुसरेच कुणी वाटायचे.

सगळे घरी बसले होते तेव्हा बाबा कामावर जात होते. नळ्या लागत होत्याच, पूर्वीपेक्षा जास्त. ते अत्यावश्यक कामगार असल्याचं कंपनीचं पत्र गाडीच्या खणात असायचं आणि रस्त्यावर पोलिसांनी अडवलं की ते काढून दाखवायचे. तेच पत्र अजून गाडीत होतं, जेव्हा नाताळनंतर ते आजारी पडले. तिथल्या दवाखान्यात ते अकरा दिवस होते. आम्हाला आत जायची परवानगी नव्हती. एक नर्स रोज दुपारी टॅबलेट धरून त्यांचा चेहरा दाखवायची. आधी ते बोलत होते, नंतर नव्हते. बाराव्या दिवशी फोन आला तो मी घेतला, कारण इंग्रजी माझ्याकडे होतं. फोनवरच्या डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मराठीत करून आईला सांगणं, हे त्या घरात मी केलेलं सर्वांत कठीण भाषांतर. आता मी मोठी झाले आहे. तरी त्या वाक्याचं बरं मराठी मला अजून सापडलेलं नाही.

अंत्यसंस्काराला दहाच माणसांना परवानगी होती आणि आमची दहाही जमली नाहीत. पण बाबांना नेणारी गाडी आमच्या वसाहतीतून निघाली तेव्हा प्रत्येक घरासमोर माणसं उभी होती, एकमेकांपासून अंतर ठेवून, डोकी उघडी, थंडीत. कारखान्याच्या फाटकाशी बाबांच्या पाळीतली माणसं निळ्या टोप्या घालून दोन रांगांत उभी होती. आईनं काचेतून सगळ्यांना हात जोडले. त्यानंतरचे कितीतरी दिवस दारात भांडी येत राहिली: सोडा ब्रेड, सफरचंदाचा टार्ट, आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर भाज्यांचं सूप. भांडी घासून परत करायला आई मलाच पाठवायची. आमच्या भिंतीतून थपथप थांबली होती. मॉरीन एकदा दारात येऊन म्हणाली, "मला ती ऐकू येत नाही, म्हणून आले."

कार्डांची गोष्ट तिनंच काढली. तिकडची पद्धत अशी की माणूस गेल्यावर महिन्याभरानं घरचे लोक त्याच्या फोटोचं छोटं कार्ड छापतात आणि येऊन गेलेल्या, मदत केलेल्या सगळ्यांना देतात. लोक ती जपतात, प्रार्थनेच्या पुस्तकात, पाकिटात, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून. नमुना म्हणून मॉरीननं आपल्या नवऱ्याचं कार्ड आईला दिलं. आईनं ते बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाली, "आपण करू. एवढी माणसं उभी होती. त्यांच्याकडे हे असायला पाहिजेत." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "इंग्रजी तू लिही."

त्या महिन्यात मी सतत एकच काम करत होते: बाबांच्या नावाचं स्पेलिंग सांगत होते. दवाखान्याला, नगरपालिकेला, कारखान्याला. ज्ञानेश्वर. डी, एन, वाय. प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस थांबायचा, पुन्हा विचारायचा, आणि कागद यायचा तेव्हा एखादं अक्षर चुकलेलंच असायचं. मृत्यूच्या बातमीतही एन गळाला होता. कामावर त्यांना सगळे डॅन म्हणायचे, त्याबद्दल बाबांनी कधी तक्रार केली नव्हती. पण आता मला ते सहन होत नव्हतं. कार्डाचा मजकूर मी लॅपटॉपवर लिहिला तेव्हा पडद्यावर बाबांच्या नावाखाली लाल रेघ आली, आडनावाखाली आली, परभणीखाली आली. वर मी लिहिलेल्या ओळीतही एका शब्दाखाली लाल रेघ होती. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. ती रेघ म्हणजे या मशीनला आम्ही माहीत नाही एवढाच अर्थ माझ्या मनात पक्का झाला होता. सगळे 'इन लव्हिंग मेमरी' लिहितात हे मला ठाऊक होतं. मला त्याहून भारदस्त काहीतरी हवं होतं, म्हणून मी 'इन लव्हिंग रिमेम्ब्रन्स' लिहिलं. 'रिमेंबर' हा शब्द लिहिला आणि त्याला शेपूट जोडलं.

छपाईचं दुकान कालव्याच्या बाजूला होतं. डेक्लन नावाचा पन्नाशीचा माणूस ते एकटा चालवायचा. दुकान लोकांना बंद होतं; मजकूर ईमेलनं पाठवायचा आणि माल दारातून घ्यायचा. आईनं कार्डाच्या तळाशी बाबांचं नाव देवनागरीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं आणि खाली 'तुमच्या आठवणीत' एवढे दोन शब्द. डेक्लननं देवनागरी कधी छापली नव्हती. त्याबद्दल त्यानं दोनदा विचारलं: ही वरची रेघ अखंड हवी ना, हे आडनावावरचं टिंब शाईचा डाग आहे की अक्षराचा भाग. तिसऱ्यांदा त्याचा फोन आला तेव्हा मी भांडी पुसत होते.

"मुक्ता का? डेक्लन बोलतोय. प्रूफ समोर आहे माझ्या, छान दिसतंय. फक्त एक बारीकशी गोष्ट होती, स्पेलिंगची."

"स्पेलिंग बरोबर आहे," मी म्हणाले.

"नाही, वरच्या ओळीत..."

"सगळं बरोबर आहे. आम्हाला लिहिता येतं. पाठवलंय तसंच छापा."

"नक्की ना?" त्यानं विचारलं.

"नक्की."

"ग्रँड," तिकडे 'ठीक आहे'ला म्हणतात तसं तो म्हणाला. "तसंच करतो."

त्याचे 'वरच्या ओळीत' हे शब्द मला स्वच्छ ऐकू आले होते. बाबांचं नाव वरच्या ओळीत नव्हतं, फोटोच्या खाली होतं, हेही मला माहीत होतं. पण महिनाभर ज्या कुणावर ओरडायचं राहून गेलं होतं त्या सगळ्यांचा राग मी त्या एका माणसावर काढला आणि फोन ठेवला. आईनं विचारलं, कुणाचा होता. मी म्हणाले, प्रिंटरचा, होताहेत कार्डं.

कार्डं चांगली आली होती. कालव्याकाठचा बाबांचा फोटो, पिवळं जाकीट, डोळे उन्हानं बारीक केलेले. आई आणि मी दोन दिवस ती वाटत फिरलो. घराघरांच्या पत्रपेटीत टाकली, कारखान्यात पाठवली, मोठ्या पाकिटात घालून आत्याकडे परभणीला रवाना केली. आठवडाभरानं, एका दुपारी, आई टेबलाशी बसून आमचं कार्ड आणि मॉरीनच्या नवऱ्याचं कार्ड शेजारी शेजारी ठेवून पाहत होती. आई इंग्रजी सावकाश वाचायची, एकेका अक्षरावर बोट ठेवत. मी एका नजरेत ओळच्या ओळ वाचायची, म्हणून मला कधी काही दिसलं नाही. तिला दिसलं.

"मुक्ता, हे बघ. त्यांच्या कार्डात खाली प्रार्थनेत हाच शब्द आहे, त्यात बी नंतर लगेच आर आहे. आपल्यात मध्ये ई आहे. कुणाचं बरोबर?"

मी शब्दकोश उघडला. 'रिमेंबर' मध्ये बी आणि आर यांच्यामध्ये ई असतो. त्याचं नाम होताना तो गळून पडतो: आर, ई, एम, ई, एम, बी, आर, ए, एन, सी, ई. पुष्कळ लोक तो ई ठेवतात, आणि पुष्कळ लोकांचं चुकतं असं तिथेच खाली लिहिलं होतं. त्यानं माझं काही समाधान झालं नाही.

"आपलं चुकलंय," मी म्हणाले.

"ह्यांचं कधी चुकलं नसतं," ती म्हणाली. मग एकदम मान वर करून तिनं विचारलं, "छापणाऱ्यानं काही विचारलं नाही तुला?"

मी म्हणाले, "नाही."

आईनं कोट चढवला. ती कुणाशी भांडणारी बाई नव्हती. दुकानात चुकीची वस्तू मिळाली तरी ती घरी घेऊन यायची. पण त्या दुपारी ती कार्ड हातात धरून झपाझप चालत होती आणि मी तिच्या मागे. डेक्लननं दार अर्धं उघडलं. मास्कच्या वर त्याचे डोळे थकलेले दिसत होते. आईनं कार्ड पुढे केलं आणि तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली, "हे चूक आहे. तुम्ही चूक छापलं. तो माझा नवरा आहे. सगळ्या घरांत चूक गेलं. तुम्ही बघितलं नाही?"

डेक्लननं कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं. माझ्या बुटांच्या नाड्या आणि ओला उंबरठा मला अजून दिसतो. तो आता सांगेल, असं मला वाटलं, आणि त्यानं सांगावं असंही कुठेतरी वाटत होतं.

"माझीच चूक, मिसेस," तो म्हणाला. "लक्षात यायला हवं होतं. मी सगळी पुन्हा छापून देतो."

आईला त्याच्याकडून एवढ्या लवकर कबुली अपेक्षित नसावी. ती तिथेच विरघळली, त्याला थँक्यू म्हणाली, वर सॉरीही म्हणाली. आम्ही कालव्याच्या काठानं परत निघालो. वारा नव्हता. पाणी शिशासारखं पडलेलं. पुलाच्या अलीकडे आई म्हणाली, "चांगला माणूस आहे. एका शब्दानं वाद घातला नाही." आणि काही पावलं गेल्यावर, "मी जरा जास्तच बोलले का गं?"

मला पुढे चालता येईना. मी थांबले आणि सांगितलं. मराठीत सांगितलं, कारण हे इंग्रजीत सांगितलं तर तिला नीट कळणार नाही अशी पळवाट मला ठेवायची नव्हती. "आई, त्यांनी विचारलं होतं. फोन केला होता. मी त्यांना म्हणाले, आम्हाला लिहिता येतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू माझी ओळख पटवत होती. "म्हणजे तू माझ्या शेजारी उभी राहून मला त्यांना बोलू दिलंस," ती म्हणाली. नुसतं एवढंच. आणि वळून पुन्हा दुकानाकडे चालायला लागली.

डेक्लननं दार उघडलं. आईनं श्वास घेतला आणि म्हणाली, "तुमची चूक नाही. तिला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही. मीपण तुम्हाला वाईट बोलले." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "बोल."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, बहुधा सॉरी हा शब्द पुष्कळ वेळा. त्याच्या मागे टेबलावर आमच्या कार्डाचं प्रूफ पडलेलं होतं. आम्ही पहिल्यांदा गेल्यावर त्यानं ते शोधून काढलं असणार. त्या एका ईभोवती निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि समासात त्याच्या अक्षरात लिहिलेलं: फोन केला, मुलगी म्हणते तसंच छापा. म्हणजे पुरावा त्याच्या हाताशी होता. आई त्याला बोलत होती तेव्हाही होता.

"मी आईला फोन द्यायला सांगायला हवं होतं," तो मला म्हणाला. "शंका आली तर मोठ्या माणसालाही विचारावं, हे मला कळायला हवं इतक्या वर्षांत. विचारायचा धीर झाला नाही. तुझ्या आवाजावरून वाटलं, आता आणखी काही बोललो तर ही पोर कोलमडेल." त्यानं खिडकीच्या बाजूनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि कीबोर्ड उंबऱ्यापर्यंत ओढला. "तूच काढ तो ई."

मी काढला. ओळ एका अक्षरानं आखडली. त्यानं ती पुन्हा मधोमध आणली, फोटोच्या बरोबर वर, आणि आईला विचारलं, "आता ठीक?" आईनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली.

नवी कार्डं आल्यावर ती वाटायला आई आली नाही. मी एकटीच गेले, दारोदार. पत्रपेटीत टाकून पळता येत नव्हतं, कारण जुनं परत मागायचं होतं. म्हणून घंटी वाजवायची, दोन पावलं मागे सरकायचं, आणि सांगायचं: आमच्या कार्डात चूक होती, माझ्या हातून झाली. बहुतेकांच्या ती लक्षातही आली नव्हती. पण एकदा दार उघडल्यावर लोक नुसतं कार्ड देऊन आत जात नव्हते. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईनं सांगितलं की तिची गवत कापायची मशीन बाबांनी दोन रविवार घालवून दुरुस्त केली होती. मला वाटायचं, रविवारी ते फिरायला जातात. पॉरिक, त्यांच्या पाळीतला मित्र, म्हणाला की कामावर कुणाला कुठल्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग अडलं की ते बाबांना विचारायचे. "डॅनला विचारा, असंच म्हणायचो आम्ही. तो काहीतरी विचित्र उच्चार करून दाखवायचा आणि मग ते कधी विसरायला व्हायचं नाही." आणि शेवटच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं जुनं कार्ड परत द्यायला साफ नकार दिला. "माझ्या गेलेल्या माणसांच्या शेजारी लावलंय त्याला," तो म्हणाला. "आता हलवणार नाही. नवंही दे." मी दिलं.

परभणीला गेलेली परत मागवता येत नव्हती. आत्याचा फोन आला, फोटो किती छान आलाय म्हणाली, रडली. तिला वरची ओळ वाचता येत नव्हती. तरी आईनं तिला सांगितलं, "वरच्या ओळीत चूक झाली आहे, वन्सं. सुधारलेलं पाठवतेय. जुनं कुणाला देऊ नका." मला वाटलं, काय गरज होती. हल्ली मला वाटतं, त्या वर्षात आईच्या हाती नीट करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

परत आलेली कार्डं मी बूट ठेवायच्या खोक्यात भरून घरी आणली. दुपार होती, स्वयंपाकघरात हिवाळ्याचं फिकं ऊन आलेलं. मी खोकं रद्दी कागद टाकायच्या हिरव्या डब्याशी ठेवलं, तर आईनं ते उचललं. "यांचा चेहरा कचऱ्यात टाकायचा?" ती म्हणाली. आठवडाभरात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. तिनं टेबल पुसलं, कात्री घेतली, एक कार्ड उचललं आणि वरची ओळ तेवढी कापून टाकली. फोटो, खाली नाव, देवनागरीतले दोन शब्द, एवढं राहिलं. ते तिनं बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. मी उभीच होते. चार-पाच कार्डं झाल्यावर तिनं खणातून माझी शाळेची कात्री काढली, टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि पायानं समोरची खुर्ची मागे ढकलली.

मी बसले. पहिलं कार्ड हातात घेतलं.

"सरळ काप," आई म्हणाली. "डोक्याला लागू देऊ नकोस."